केतकीताईचा हिरवा ड्रेस

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ह्यांना तर नाहीच नाही. साडेचार वर्षं झाली. रोज वाटतं आज बोलू, मग भाजी फोडणीला टाकते आणि दिवस जातो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखीच्या माणसासमोर माझ्या तोंडातून हे बाहेर पडायचं नाही.

लिहिण्यात चुका असतील. मी दहावीला इंग्रजीत गेले, परत बसले, परत गेले, मग वडिलांनी त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात मशीनवर बसवलं. माझी पोरगी, आर्वी, शाळेत गेलीये, तीन वाजता आणायचंय, तेवढ्यात होईल तेवढं लिहिते.

इथं इंग्लंडात, मिल्टन कीन्समधे आपल्या मराठी लोकांत कुणालाही विचारा, ते सांगतील की केतकीताईचं बाळ नाटकाच्या हट्टापायी गेलं. पोटात बाळ असताना कुणाला सांगितलं नाही, घट्ट ड्रेस घालून दोन तास स्टेजवर नाचली, काळजी म्हणून घेतली नाही. असं बोलतात. तिच्या नवऱ्याला पण तसंच वाटतं. आणि तिनं काळजी घेतली होती हे माहीत असलेली एकच बाई आहे या गावात. ती मी.

थांबा, एकदम नाही जमत मला. आधी नाटकाचं सांगते.

आमच्या मंडळात एक डॉक्टरकाका आहेत, रिटायर झालेले, इकडं चाळीसेक वर्षं काढली त्यांनी. ते फिरायला स्वीडनला गेले होते, तिथं म्हणे त्यांनी एका बाईचं चित्र बघितलं. जुन्या काळातली नटी. गरीब घरची, नोकरमाणसाची पोरगी, पण स्टेजवर आली की सगळं शहर वेडं. राजाचा मुलगा तिच्या मागं लागला. तिला घर घेऊन दिलं, दोन मुलं झाली तिला त्याच्यापासून — आणि लग्न नाही. त्याचं लग्न आधीच झालेलं. मग तो राजा झाला, त्यांचं तुटलं, आणि ती तरुणपणीच तिकडं इटलीत जाऊन मेली. काकांच्या डोक्यात ती बाई बसली ती बसलीच. त्यांनी मराठीत नाटक लिहिलं तिच्यावर, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात करायचं ठरलं.

नटी झाली केतकीताई. राजपुत्र झाले आमचे हे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय झालं एवढं, हौशी नाटक तर आहे. हो. मी पण स्वतःला तेच सांगत होते. पण तुम्ही केतकीताईला बघितलेलं नाही. पुण्याची, इंजिनियर, कॉलेजात नाटकं केलेली, इंग्रजी बोलायला लागली की बसचा ड्रायव्हर सुद्धा ऐकत राहायचा. गाडी चालवायची. आणि वाईट नव्हती हो ती, तेच तर आहे — जीपीकडं, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरकडं, माझं नाव लावायला फोन तिनं केला होता, आर्वीच्या वेळी मिडवाइफ काय बोलते ते मला मराठीत तिनं सांगितलं होतं. तिच्याबद्दल मनात वाईट आणायला मला काही जागाच नव्हती. तरी मी आणलं.

ह्यांची तेव्हा इथली ड्रायव्हिंगची टेस्ट व्हायची होती. हे हॉस्पिटलात नर्स आहेत, कधी सकाळची शिफ्ट, कधी रात्रीची. आणि आमच्या या गावात गाडी नसली की माणूस अडकून पडतं, नुसते गोल चौक, राउंडअबाउट, एकापुढं एक. म्हणून तालमीला न्यायला केतकीताई यायची. शनिवारी दुपारी खाली हॉर्न वाजायचा, छोटासा, दोनदा. हे शर्ट बदलून जायचे. मी सात महिन्यांच्या आर्वीला काखेत धरून खिडकीत. ते पुढच्या सीटवर बसायचे. पुढच्याच बसणार ना, मागं कशाला बसतील? पण मला ती सीट दिसायची आठवडाभर.

घरी कमी बोलणारा माणूस माझा. जेवताना मान खाली. आणि नाटक सुरू झालं तसा हा माणूस भांडी घासताना डायलॉग म्हणायला लागला. केतकी म्हणते इथं पॉज घ्यायचा. केतकी म्हणते डोळे खाली ठेवायचे. केतकी म्हणते दाढी काढून नुसत्या मिशा ठेव. मिशा ठेवल्या. मी आर्वी झाल्यापासून सांगत होते दाढी काढा, टोचते आर्वीला — तेव्हा नाही काढली.

एकदा मी धीर करून विचारलं, अहो, या नाटकात राणी कुठाय?

"राणी स्टेजवर येत नाही. तिचं एक पत्र येतं फक्त."

"म्हणजे दिसतच नाही?"

"कशाला दिसायला पाहिजे? गोष्ट नटीची आहे."

"पण होती ना ती? कशी होती?"

"असेल की," हे म्हणाले, आणि कपाट उघडून बिस्किटं शोधायला लागले. "घरी." आणि मग हसून, "राणीसाहेब, चहा मिळेल का?"

मस्करी होती. कळतंय मला. मी चहा ठेवला. पण डॉक्टरकाकांकडनं मला नंतर कळलं की ती राणी पण दुसऱ्या देशातून लग्न करून आलेली होती, पोरं सांभाळत बसलेली. एवढी मोठी राणी, आणि नाटकात तिचं एक पत्र. ते पण दुसराच कुणीतरी वाचून दाखवतो.

ह्यांच्यात आणि केतकीताईत काही होतं का? नव्हतं. हे मी आज शहाणपणानं बोलत नाही, मला तेव्हाही माहीत होतं. खरंच काही असतं तर मला बोलायला तोंड तरी असतं. काही नव्हतं, आणि मी जळत होते. हे सोडून गेले तर? मी इथं त्यांच्या व्हिसावर, मला बँकेचा फोन आला तरी घाम फुटतो, पोरगी घेऊन मी कुठं जाणार होते? कशाला काही आधार नाही, आणि भीती मात्र एवढी की दूध उतू गेलेलं कळायचं नाही.

ड्रेस शिवायचं काम माझ्याकडं आलं. कुणी विचारलं नाही, काका म्हणाले, "पूजा आहे ना, टेलरची पोर आहे ती," आणि झालं. चॅरिटी शॉपमधे, जुन्या वस्तू स्वस्तात मिळतात तिथं, बाटलीसारख्या हिरव्या मखमलीचे पडदे मिळाले, चांगले जड. त्या काळातला ड्रेस म्हणजे वरचा भाग अगदी अंगाला चिकटून, कमरेला आवळलेला, खाली मोठा घेर. वरचा भाग ताठ राहायला मी अस्तरात प्लॅस्टिकचे केबल टाय घातले, वायरी बांधायच्या त्या ताठ पट्ट्या, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. मागं नाडी. खरं सांगू? आयुष्यात मी शिवलेलं सगळ्यात चांगलं काम ते. आणि ते मी तिच्यासाठी शिवत होते, माझ्या नवऱ्यानं तिच्या कमरेला हात लावावा म्हणून.

पहिल्या मापाला कंबर अठ्ठावीस. तीन आठवड्यांनी ट्रायलला आली तेव्हा टेप साडेएकोणतीसवर गेली. छाती पण वाढलेली. मी लहानपणापासून बायकांची मापं घेतलीत, ते जेवणाचं वाढणं नव्हतं. मी मान वर केली तर ती माझ्याकडंच बघत होती.

"कळलं ना तुला," ती म्हणाली. "झालं, टेलरबाईंपुढं काही लपत नाही."

"किती झाले, ताई?"

"नववा आठवडा. अगं, अमोघला पण सांगितलेलं नाही अजून."

मला वाटलं गंमत करते. नवऱ्याला नाही? मग ती आमच्या सोफ्यावर बसली, टाचण्या लावलेला ड्रेस अंगावर तसाच, आणि बोलली. आधी दोन गेलेली. दोन्ही वेळा लगेच पुण्याला फोन केला, सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला, आणि मग परत फोन करून सांगायचं की गेलं. दोन्ही वेळा ती घरात पडून राहिली होती, जिना सुद्धा चढली नव्हती. काही उपयोग झाला नाही. "यावेळी तीन महिने भरले की सांगणार. तोवर मला कुणी बिचारी म्हणून बघायला नको," म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "पूजा, जागा भरपूर ठेव हं. त्याला कुठंही दाबायचं नाही. तूच बघ आता, तुझ्यावर सोडलं."

मी म्हणाले, "ठेवते की ताई. दोन्हीकडं दोन-दोन बोटं ठेवते." आणि मी मनापासून म्हणाले होते. त्या वेळी. तिनं ते फक्त मला सांगितलं होतं, जगात फक्त मला, आणि मला किती मोठं वाटलं म्हणून सांगू.

शिवणकाम माहीत नसेल तर सांगते — कपडा शिवताना शिवणीच्या आत जादाचं कापड दाबून ठेवतात. त्याला माया म्हणतात. माणूस सुटलं, बाईला दिवस गेले, की ती टीप उसवायची, कपडा सैल होतो. माझे वडील गिऱ्हाइकाला न विचारता दीड इंच ठेवायचे. मी त्या हिरव्या ड्रेसला दोन्ही बगलेखाली तेवढंच ठेवलं होतं. कच्चे टाके घालून तयार होता.

त्याच्या पुढच्या शनिवारी तालमीवरनं गाडी परत आली. खाली थांबली. इंजिन बंद झालं. आणि हे उतरलेच नाहीत. आर्वीला ताप होता, रडून लालेलाल झालेली, मी खिडकीत उभी, आणि हे गाडीत बसून हसतायत. हात वर करून काहीतरी दाखवतायत. ती स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसतेय. दहा मिनिटं. जास्त नाही. वर आले तर तोंडावर अजून ते हसू होतं, आर्वीला बघितलं आणि ते गेलं. मी विचारलं, एवढं काय हसत होता? तर म्हणाले, "तुला नाही कळायचं, तिथं असावं लागतं."

एवढंच. एवढंच झालं होतं. अजून काही असेल असं वाटलं का तुम्हाला? नाही हो.

आणि त्या रात्री माझ्या मनात काय आलं ते पण लिहिते, आता लपवून काय करू. मनात आलं — ते बाळ. नवऱ्याला सांगितलं नाही ते का? तालमी सुरू व्हायच्या आधीचं होतं बाळ, मला मोजता येतं. तरी मी ते मनात येऊ दिलं. येऊ दिलं आणि त्याच्याशी खेळत बसले.

नाटक रविवारी दुपारी होतं, एका शाळेचा हॉल घेतला होता. बायकांना कपडे बदलायला म्युझिकचा वर्ग दिलेला, कोपऱ्यात ड्रमसेट. केतकीताईनं ड्रेस घातला, मी मागं उभी. नाडी ओढली तर मागं मोठी फट. तीन आठवड्यांत आणखी वाढलेलं होतं, वाढणारच. ती आरशातनं माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं, बगलेखालचं उसव ना थोडं. जागा ठेवलीयेस ना?"

उसवायला काही नव्हतंच.

मी कापली होती ती माया. त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, आर्वी झोपल्यावर, ह्यांची शिफ्ट असताना. दोन्ही बाजूंची, टिपेला अगदी लागून, मोठ्या कात्रीनं. मग वरनं पक्की डबल टीप मारली आणि कडा इंटरलॉक करून टाकली, म्हणजे कुणी आत बघितलं तरी काम स्वच्छ दिसावं. हिरव्या कापडाच्या चार पट्ट्या निघाल्या. त्या मी कचऱ्याच्या बिनमधे टाकल्या आणि वर आर्वीची नॅपी टाकली.

काय वाटलं होतं मला? मला वाटलं होतं ड्रेस बसणार नाही. आयत्या वेळी बसणार नाही, मग का बसत नाही ते सगळ्यांना कळेल, कुणीतरी म्हणेल अशा दिवसांत कसलं नाटक, ती बाहेर पडेल, आणि हे घरी येतील. एवढाच विचार होता. बाळाला काही व्हावं असं मनात नव्हतं. असं मी म्हणते. पण ज्या बाईनं हात जोडल्यासारखं सांगितलं होतं की त्याला दाबू नकोस, त्याच बाईचा कपडा मी कापला. मग मनात नव्हतं म्हणजे काय?

मी तिला म्हणाले, "ताई, होती तेवढी सोडली. आता नाही."

तिनं एकदा पोटावर हात ठेवला. बाहेर काका ओरडत होते, पाच मिनिटं, पाच मिनिटं. आता तुम्ही विचाराल, दुसरं काही करता आलं नसतं का. आलं असतं. मागची फट तशीच ठेवून वरनं शाल टाकता आली असती, पडद्याचं उरलेलं कापड माझ्या पिशवीत होतं, मधे पट्टी जोडायला मला दहा मिनिटं लागली असती. माझ्या हातात सुई-दोरा होता. मी वाट बघत होते की ती म्हणेल, राहू दे, मी नाही जात.

ती म्हणाली, "मग ओढ थोडं. दोन तास निघतील."

आणि मी ओढलं. दोन्ही हातांनी. नाडीची गाठ मारताना तिचा श्वास वर अडकलेला मला बोटांना लागत होता.

ती इतकी सुंदर दिसत होती. मी विंगेत उभी होते, आणि शेवटी ती नटी परक्या गावात मरते तो प्रसंग आला, तिला श्वास घेता येत नाही असा — पूर्ण हॉल रडला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, काय ॲक्टिंग करते हो. हे तिचा हात धरून बसलेले. आणि मला, तुम्हाला खोटं वाटेल, त्या वेळी सुद्धा मला तो हातच दिसत होता. तिचे ओठ नाही दिसले.

पडदा पडल्यावर मी नाडी सोडली. पोटावर लाल वळ उठलेले होते, केबल टायचे, एकाशेजारी एक.

पाचव्या दिवशी गेलं. ह्यांनीच येऊन सांगितलं, हॉस्पिटलात कळलं होतं त्यांना. मी विचारलं, कशानं जातं हो असं? ते म्हणाले, "बहुतेक वेळा आपोआपच होतं. कुणाची चूक नसते." नर्स आहेत ते, त्यांना माहीत असणार. ते वाक्य मी धरून ठेवलंय. तिच्या आधीच्या दोन वेळा तर मी नव्हते ना, असं पण मी म्हणून बघितलंय. ड्रेसनं झालं की नाही, मला माहीत नाही, कधी कळणार पण नाही. पण ड्रेसबद्दल मला माहीत आहे.

पुढचं आधी सांगून टाकते. पाच-सहा महिन्यांनी केतकीताई एडिनबराला गेली, नोकरी मिळाली म्हणे. एकटी गेली. अमोघदादा इथंच राहिले. आता दोघं वेगळेच आहेत. कुणी म्हणतं आधीपासून कुरबूर होती. असेल. पण मी त्या दिवशी तिथं होते.

बाळ गेल्याला आठवडा झाला होता. मी भेटायला गेले, मऊ भात आणि मेतकूट घेऊन, आर्वीला ह्यांच्याकडं ठेवून. ती सोफ्यावर, अंगावर दुलई. अमोघदादा खिडकीपाशी उभे. चहा पण त्यांनी केला. मग एकदम म्हणाले, "पूजा, एक विचारू? ही म्हणते तुला माहीत होतं. म्हणते तू ड्रेसला जागा ठेवणार होतीस, म्हणून ती निश्चिंत होती. खरं आहे का?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आदल्या दिवसापासून त्यांचं हेच चाललं असणार. ती आशेनं बघत होती माझ्याकडं. मी हो म्हटलं असतं तर एवढंच सिद्ध होणार होतं की तिनं एका माणसाला तरी सांगितलं होतं, काळजी घेतली होती. एक "हो" पाहिजे होतं तिला. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? की हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग जागा का नव्हती. मग ड्रेस मागवतील. मग आत बघतील. मग ह्यांना कळेल.

मी म्हणाले, "नाही हो दादा. मला कुठं काय सांगितलं होतं ताईंनी? सांगितलं असतं तर मी ठेवली नसती का जागा?"

एकही शब्द अडकला नाही.

अमोघदादांनी तिच्याकडं बघितलं. तसं बघणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. आणि तिनं माझ्याकडं. तिला सगळं कळलं, ड्रेसचं सुद्धा, मी बघितलं ना तिला कळताना. ती म्हणू शकत होती — खोटं बोलतेय ही. ती म्हणाली, "राहू दे अमोघ. नसेल सांगितलं मी. माझ्याच डोक्यात राहिलं असेल."

ते बाहेर निघून गेले, गाडीचा आवाज आला. मी उठले. मला पळायचं होतं तिथनं. तर ती म्हणाली, "थांब, अशी जाऊ नकोस. लेकुरवाळी आहेस." दुलई बाजूला करून, भिंतीला धरत देव ठेवले होते त्या कपाटापर्यंत गेली. कुंकवाची डबी आणली.

मी कपाळ पुढं केलं.